शब्दचर्चा : आर्काइव्ह म्हणजे दप्तर, अभिलेखागार की संग्रह?

(लिहिणाऱ्यांची नावे सोलापुरातल्या त्यांच्या पेठा-गल्ल्यांवरून.)

चाटी गल्ली (विचारणा)
सुताच्या एका घरच्या पेढीच्या वह्या, साधारण १९३० ते १९७० मधल्या, आणि कोरडवाहू शेतीवरचे जुने छापील अहवाल स्कॅन करून एकाच ठिकाणी ठेवायचे काम आहे. मराठी मथळा हवा. ‘डिजिटल आर्काइव्ह’ला काय म्हणावे? ‘डिजिटल अभिलेखागार’ सुचले आहे, पण ते उच्चारताना मुनीमजींचा दात पडेल. त्याबरोबर आणखी चार शब्द हवेत : अ‍ॅक्सेशन रजिस्टर (साठ्यात आलेल्या वस्तूंची नोंदवही), मेटाडेटा (फाइलीबद्दलची माहिती), चेकसम (फाइल बदलली का हे ओळखायची खूण) आणि ‘हाउसहोल्ड बिझनेस’. शासकीय परिभाषेतले नकोत असे नाही, पण वही उघडणाऱ्या माणसाला कळले पाहिजेत.

मंगळवार पेठ
आधी ‘अभिलेख’ घराण्याचा निकाल लावू. अभिलेख म्हणजे रेकॉर्ड, अभिलेखागार म्हणजे ते ठेवायची जागा. ‘पुराभिलेख’मध्ये ‘पुरा’ म्हणजे जुना. राज्य शासनाच्या खात्याचे नाव पुराभिलेख संचालनालय आहे आणि पेशवे दफ्तर ठेवलेल्या पुण्याच्या जागेला पुराभिलेखागार म्हणतात, ते रास्तच आहे. पण तुमच्या साठ्यात उद्या गेल्या वर्षीची पीडीएफ आली तर तिला ‘पुरा’ कसे म्हणणार? राष्ट्रीय अभिलेखागाराने आपल्या संकेतस्थळाला ‘अभिलेख पटल’ नाव देताना ‘पुरा’ गाळले आहे, हेही बघा.

दुसरे, सार्वजनिक अभिलेख अधिनियम, १९९३ हा केंद्र सरकार, केंद्रशासित प्रदेश आणि त्यांच्या संस्था यांच्या कागदांपुरता आहे. खासगी पेढीची वही त्यात येत नाही. ‘अभिलेख’ म्हटले की वाचणाऱ्याला सरकारी शिक्का दिसतो. तो नको असेल तर शब्दही टाळा.

‘दस्तऐवज’ मात्र अजिबात वापरू नका. दस्त म्हणजे आपल्याकडे दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेला खरेदीखतासारखा कागद. सुताच्या उधारीची वही म्हणजे दस्त नव्हे.

साखर पेठ
‘दप्तर’ घ्या. मूळ फारसी, त्याच्याही मागे ग्रीकमधला कातडे या अर्थाचा शब्द. पण व्युत्पत्तीपेक्षा अर्थाची कड महत्त्वाची आहे. संग्रह कोणीतरी निवडून गोळा करतो : नाणी, तिकिटे, दुर्मीळ पुस्तके. दप्तर कामाच्या ओघात आपोआप साठत जाते आणि ज्याने ठेवले त्याच्या क्रमाने राहते. पेढीच्या वह्या हे दप्तर. छापील अहवाल निरनिराळ्या ठिकाणांहून आणून एकत्र लावले असतील तर तो संग्रह. हेच अहवाल एखाद्या केंद्राच्या कपाटातून जसेच्या तसे आले तर तेही दप्तर.

हा भेद मान्य केला की कामाची रीत बदलते. संग्रह विषयवार लावता येतो, दप्तर लावायचे नसते. रुमालात बांधलेले कागद सोडताना वरून खाली क्रमांक द्या, मऊ पेन्सिलीने, कोपऱ्यात. मधेच सापडलेली रेल्वेची पावती ‘किरकोळ’ फोल्डरमध्ये टाकली की ती कोणत्या गासडीची होती हे कायमचे गेले. (रुमाल म्हणजे इथे खिशातला नव्हे, कागद बांधायचे कापड, आणि पुढे त्यात बांधलेला गठ्ठाही. जुन्या दप्तरखान्यांत कागद रुमालांनीच मोजतात.)

नवी पेठ
दप्तर म्हटले की आता पाठीवरचे दिसते. पोरे विचारतील, डबा कुठे आहे?

साखर पेठ
विचारू द्या. ‘पेढीचे दप्तर’, ‘संशोधन केंद्राचे दप्तर’ असे मालकासकट म्हटले की घोटाळा राहत नाही. तलाठ्याचे दप्तर म्हटल्यावर कोणाला डबा आठवत नाही.

अशोक चौक
‘हाउसहोल्ड बिझनेस’चे ‘घरगुती व्यवसाय’ करू नका. ‘घरगुती’ म्हणजे आपल्या कानाला शेंगाची चटणी, कडक भाकरी आणि घरी वळलेल्या विड्या. ते धंदे खरेच घरगुती आहेत, त्यांना तो शब्द राहू द्या. सुताचा व्यापार करणारी ती घरची पेढी. शहराच्या पूर्व भागात, म्हणजे तेलुगू विणकरांच्या वस्तीत, खाली चार माग आणि वर बिऱ्हाड, तो कारखाना. चार मागांचा असला तरी सोलापुरात कारखानाच म्हणतात, आणि इंग्रजी वर्णनात त्याचे ‘फॅक्टरी’ झाले की बाहेरचा वाचक धुराडे शोधतो. वर्णनात मागांची संख्या लिहा, म्हणजे शब्दावर भार पडत नाही.

तिथल्या वह्यांबद्दल एक सूचना. नावे तेलुगू लिपीत, आकडे आणि व्यापारी शब्द मराठी, असे एकाच पानावर येऊ शकते. ‘भाषा’ या रकान्यात एकच भाषा निवडायची सक्ती असलेला तक्ता वापरू नका. भाषा आणि लिपी असे दोन वेगळे रकाने ठेवा आणि दोन्हींत एकापेक्षा जास्त नोंदी चालू द्या.

भुसार गल्ली
वह्यांची नावे नीट लिहिली नाहीत तर पुढचे सगळे फसते, म्हणून जरा सविस्तर.

कीर्द किंवा रोजकीर्द : रोजचा व्यवहार घडला त्या क्रमाने. रोजमेळ जवळपास तीच, पण दिवसाअखेर रोख शिल्लक मेळवलेली. खतावणी : कीर्दीतल्या नोंदी माणसामाणसाच्या खात्यावर नेलेल्या. जांगड वही : पसंत पडला तर घेईन या बोलीवर नेलेल्या मालाची. जांगड माल विकलेला नसतो. वर्णनात ‘विक्री’ लिहिले की उलाढाल फुगते.

खतावणीत समोरासमोरच्या दोन बाजूंना मिळून पुष्कळदा एकच पान क्रमांक असतो. स्कॅनरवाल्याने एकेक बाजू धरून १, २, ३ अशी फाइलींची नावे दिली की कीर्दीतला ‘खा. पा. १७’ (म्हणजे खाते पान १७) भलत्याच चित्रावर नेतो. नावे ‘०१७-डावे’, ‘०१७-उजवे’ अशी द्या. कोऱ्या बाजूही स्कॅन करा, नाहीतर पान फाटले होते की कोरे होते हे नंतर सांगता येत नाही.

आता मोठा खड्डा. जुन्या देशी पद्धतीत डावीकडे जमा, उजवीकडे नावे. इंग्रजी पद्धतीच्या खात्यात डावीकडे डेबिट, म्हणजे नावे. रोख वहीत फरक जाणवत नाही, कारण आलेले पैसे दोन्हीकडे डावीकडेच. पण खतावणीत गिऱ्हाइकाच्या खात्याची डावी बाजू ‘डेबिट’ समजून उतरवली की ज्याने पैसे भरले तोच कर्जदार ठरतो. पुढच्या काळातल्या छापील वह्यांत इंग्रजी मांडणीही येते. म्हणून अंदाज नको, पानाच्या माथ्यावरचा शब्द वाचा आणि तोच उतरवा. ‘क्रेडिट-डेबिट’ असे भाषांतर उताऱ्यात नको, टिपणात करा.

रकमेचेही तसेच. १ एप्रिल १९५७ ला दशमान पैसे आले. त्याआधी १ रुपया = १६ आणे = १९२ पै. वहीत १२ च्या पुढे दोन उभे दंड आणि तीन आडव्या रेघा असतील तर ते १२ रुपये ११ आणे : दंड चार-चार आण्यांचा, रेघ एकेक आण्याची. तक्त्यात ‘१२.११’ टाकले की संगणक बेरीज चुकवणारच, कारण दशांशात ती रक्कम १२.६८७५ आहे. रुपये, आणे, पै असे तीन रकाने करा. चिन्हे जशीच्या तशी टंकायची तर युनिकोडात (संगणकावरच्या अक्षरांच्या जागतिक संकेतांत) या अपूर्णांकांना २००९ पासून (आवृत्ती ५.२) स्वतंत्र जागा आहेत. पूर्णविरामाचा दंड वापरला तर दिसेल बरोबर, शोधाल तेव्हा सापडणार नाही. वही मोडीत असेल तर, मोडी लिपीही युनिकोडात २०१४ मध्ये, आवृत्ती ७.० ला आली.

मितीचे गणित : इसवी सनासाठी शकात ७८ मिळवा, जानेवारी ते फाल्गुन अखेर ७९. कार्तिकी विक्रम संवतातून ५७ वजा, जानेवारीपासून ५६. मूळ मिती पुसून इसवी घालू नका, दोन्ही ठेवा.

आणि ‘कसर’ शब्दावर अडखळू नका. खात्यात ‘कसर’ म्हणजे दिलेली सूट. कपाटात ‘कसर’ म्हणजे कागद खाणारी. वर्णनात ‘वहीला कसर’ एवढेच लिहिले तर वाचणारा पेढीचा उदारपणा समजेल.

टिळक चौक
चेकसमसाठी नवा शब्द घडवायचे कारणच नाही. ताळा. हिशेबनीस गुणाकार केल्यावर नवाचा ताळा पाहतो, तेच काम. मोठ्या गोष्टीवरून छोटी खूण काढायची आणि पुन्हा काढली तर तीच येते का हे बघायचे. ‘ताळा जुळला नाही’ हे वाक्य भुसार गल्लीत कोणालाही समजावून सांगावे लागत नाही.

फरक इतकाच की नवाचा ताळा अदलाबदल पकडत नाही. ४५६३ च्या जागी ४६५३ लिहिले तरी अंकांची बेरीज १८ च, ताळा तोच. शा-२५६ पद्धतीचा ताळा ६४ चिन्हांचा असतो आणि फाइलीतला एक बिट हलला तरी सगळा बदलतो.

कधी काढायचा, इथे चुका होतात. चित्र सरळ करणे, कडा कापणे हे आधी उरका, मगच ताळा काढा. नंतर कोणी फाइल उघडून नुसती फिरवून जतन केली तरी ताळा बदलतो आणि ‘फाइल बिघडली’ म्हणून घबराट होते. फाइलीचे नाव बदलले तर आतला ताळा तोच राहतो, पण ताळ्यांच्या यादीत जुने नाव असल्याने पडताळणी ‘फाइल नाही’ म्हणते. व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेले चित्र मूळ प्रत म्हणून घेऊच नका, ते वाटेत आवळले (कॉम्प्रेस केले) गेलेले असते.

प्रती तीन, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, एक घराबाहेर. वर्षातून एकदा सगळे ताळे पुन्हा काढा. लक्ष्मीपूजनाला वह्या बाहेर निघतातच, त्याच दिवशी हार्डडिस्कही काढावी. पेनड्राइव्ह ही प्रत नव्हे, ती पिशवी.

जागेचा अंदाज : ए-४ आकार, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंगीत, न आवळलेली टिफ फाइल सुमारे २६ एमबी. ४०० बाजूंची वही म्हणजे साडेदहा जीबीच्या आसपास. हस्तलिखिताला ४०० डीपीआय घेतले तर एकेक बाजू ४६ एमबी. मोबाइलवरचा ‘काळे-पांढरे’ फिल्टर मात्र वापरू नका. कीर्दीतून खतावणीत नोंद नेल्याची पेन्सिलीची खूण आणि लाल शाईची शिल्लक तोच आधी खातो.

मंगळवार पेठ
ताळा पटला. यावरून ‘प्रत’ आणि ‘नक्कल’ही वेगळे ठेवा. तीन हार्डडिस्कांवरच्या त्या प्रती, ताळा एकच. वाचकांना देण्यासाठी लहान केलेली पीडीएफ ती नक्कल, तिचा ताळा वेगळा असणारच. ‘बॅकअप’ म्हणजे प्रत. ‘जतन’ म्हणजे प्रत, पडताळणी आणि फाइलीचा प्रकार कालबाह्य होण्याआधी बदलणे, हे सगळे मिळून. नुसत्या स्कॅनिंगला जतन म्हणू नये.

होटगी रस्ता
अहवालांकडे कोणी वळलेच नाही. ‘अहवाल’ हे मुळात अरबी ‘हाल’चे अनेकवचन. शेतकऱ्याचे हाल आणि कोरडवाहूचा अहवाल एकाच घरचे.

सोलापुरात कोरडवाहू शेतीचे संशोधन केंद्र १९३३ पासून आहे. त्या काळचे अहवाल इंग्रजीत आणि गावाचे स्पेलिंग ‘शोलापूर’ असे वाचले जाईल, एस-एच लावून. शोधसूचीत दोन्ही रूपे हवीत, नाहीतर निम्मे सापडत नाहीत. पाऊस इंचात, पेरा एकरात, उत्पन्न पौंडात. रूपांतर (१ इंच = २५.४ मिमी) शेजारी द्या, मूळ आकडा काढू नका. पाच इंच म्हणजे मोजणाऱ्याने पाचच म्हटले होते, १२७ मिलिमीटर लिहिल्यावर त्याला खोटा काटेकोरपणा येतो.

शब्दांत : ‘वार्षिक अहवाल’, ‘प्रगती अहवाल’ आणि ‘प्रयोगाची नोंदवही’ वेगळे ठेवा. अहवालात सरासरी असते, नोंदवहीत प्रत्येक वाफ्याचा आकडा. पदवीसाठी लिहिलेला तो ‘प्रबंध’, नियतकालिकातला तो ‘शोधनिबंध’. सगळ्याला ‘रिपोर्ट’ म्हटले की यादी निरुपयोगी.

प्रत्यक्ष काम करताना : घडीचे नकाशे आणि आलेख उलगडून वेगळे स्कॅन करा. ‘पान ४२ समोर’ अशी जागा नोंदवा. अमोनिया प्रिंटचे नकाशे उजेडात फिके पडतात, म्हणून तेच आधी घ्या. गंजलेल्या टाचण्या ओढू नका, टोक सरळ करून सरकवून काढा. काजळीची शाई फिकी होत नाही पण पाण्याने जाते. कॉपिंग पेन्सिलीचे अक्षर ओल लागली की जांभळे पसरते. ओले फडके दोन्हीला बंद.

१९९० नंतरचे मराठी अहवाल संगणकावरच असले तरी हायसे वाटून घेऊ नका. श्रीलिपी, आकृती अशा जुन्या फॉन्टांतला मजकूर पीडीएफमधून उचलला तर भलतीच अक्षरे येतात. तो युनिकोडात बदलून, नजरेखालून घालून, मूळ फाइलीसकट ठेवावा लागतो. ठेवणीची प्रत पीडीएफ/ए मध्ये, कारण तिच्यात फॉन्ट आतच असतो.

भुसार गल्ली
अ‍ॅक्सेशन रजिस्टर : बारनिशी. कचेरीत आलेल्या कागदाला क्रमांक-तारीख देणारी वही, महसूल खात्यात बारनिशी कारकून असतो. रकाने : क्रमांक, आल्याची तारीख, कोणाच्या हस्ते, काय, किती नग, कोणत्या अटीवर. शेवटचा रकाना लोक सोडतात आणि मग पाच वर्षांनी पेढीचे वारस विचारतात, आमच्या आजोबांची उधारी चव्हाट्यावर का? ‘देणगी’, ‘स्कॅनपुरते’ आणि ‘ठेव’ हे तीन शब्द तिथे स्पष्ट लिहा.

मेटाडेटाला ‘अधिसामग्री’सारखा घडवलेला शब्द कोणी बोलत नाही. वर्णनाची ती नोंद, आणि फाइलीत यंत्राने भरलेली ती तांत्रिक नोंद.

चाटी गल्ली
मथळा ठरला : ‘सोलापूरच्या पेढीचे दप्तर आणि शेती-अहवालांचा संग्रह’. लांब आहे, पण दोन वेगळ्या गोष्टींना दोन शब्द. बारनिशी, ताळा, नोंद घेतले. खतावणीची १ ते १४० पाने स्कॅनरवाल्याने बाजू मोजून क्रमांक दिलेली आहेत, ती आधी डावे-उजवे करून घेतो. ताळे त्यानंतर.

टिळक चौक
नावे बदलण्याआधी जुने नाव-नवे नाव अशी दोन रकान्यांची यादी करून ठेवा. उलटे फिरायची वेळ आली तर तीच लागते.