हॉटेलातल्या जेवणातलं तेल कसं मोजायचं? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

पतसंस्थांच्या ऑडिटसाठी मला महिन्यातले पंधरा-सोळा दिवस सातारा, सांगली, कोल्हापूर या भागात फिरावं लागतं. मार्चमध्ये सोनोग्राफीत फॅटी लिव्हर निघालं, ग्रेड २. आहारतज्ज्ञ बाईंनी दिवसाला १५०० कॅलरी ठरवून दिल्या आहेत. घरी असताना काही अडचण नाही, वजनकाटा ओट्यावरच असतो. बाहेर मात्र पूर्ण अंधार.

२०२२ पासून दहा किंवा जास्त शाखा असलेल्या हॉटेलांना मेनूकार्डावर कॅलरी छापाव्या लागतात, हे मला माहीत आहे. पण मी जेवते ती खानावळ एकच असते, आणि मेनू भिंतीवर खडूने लिहिलेला. ॲपवर 'मिसळ पाव' शोधलं की एका ठिकाणी २५० दिसतात, दुसरीकडे ६००. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचे २०१७चे तक्ते चांगले आहेत, पण ते मुख्यतः कच्च्या जिनसांचे. आकडेही किलोज्यूलमध्ये, म्हणजे ४.१८ने भागत बसायचं. शिवाय कढईत तेल किती पडलं हे त्यात कुठून कळणार?

म्हणून गेल्या महिन्यात मिसळीचं पार्सल घरी आणलं. पार्सलमध्ये सगळं सुटं मिळतं, त्यामुळे वजन करणं सोपं गेलं. दोन पाव ९० ग्रॅम, साधारण २४० कॅलरी. फरसाण ४५ ग्रॅम, तेही तेवढंच. गाळून घेतलेली मटकी ११० ग्रॅम, तिचे १२० धरले. कट उंच पेल्यात अर्धा तास ठेवला आणि वर आलेली तर्री चमच्याने काढून वाटीत मोजली. ३८ ग्रॅम भरली. ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे नुसत्या तर्रीच्या ३४०. एकूण ९४०. तोवर मी मिसळीचे ४५० लिहीत होते!

पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच पार्सल आणून नेहमीसारखं खाल्लं आणि ताटलीत उरलेलं तेल मोजलं, तर ते १५ ग्रॅम निघालं. म्हणजे पोटात गेल्या ८००च्या आसपास. पाव कटात किती बुडवता यावर शंभर-सव्वाशेचा फरक सहज पडतो, हे मला आधी सुचलंच नव्हतं.

तर्री निदान वर तरंगते. खरी अडचण पुढे आहे. काजू, खोबरं किंवा दाण्याचं कूट घातलेल्या दाट रश्श्यात तेल वेगळं होतच नाही. अख्खा मसूर, भरलं वांगं आणि पांढरा रस्सा या तिघांपुढे मी हात टेकले आहेत. पांढऱ्या रश्श्यात तेल दिसत नाही म्हणून तो हलका समजायचा का? नारळाचं दूध, काजू, खसखस हे सगळं त्यात असतंच.

कराडजवळच्या एका खानावळीत काकूंना सरळच विचारलं, "काकू, एका वेळच्या भाजीला तेल किती लागतं?" त्या म्हणाल्या, "चाळीस ताटांना सव्वा किलो." म्हणजे ताटाला ३१ ग्रॅम, २८० कॅलरी. घरी मी माणशी एका वेळेला ८ ग्रॅम घालते. चपातीला लावलेलं तेल आणि भातावरचं तूप त्यात धरलेलंच नाही. मला ही पद्धत सगळ्यात भरवशाची वाटते, कारण त्यात डोळ्यांचा अंदाज नाही, डब्यातून गेलेलं तेल आहे. फक्त प्रत्येक ठिकाणी असं विचारता येत नाही, काही जण रागावतात.

म्हणून इथे कुणी खानावळ, मेस किंवा केटरिंग चालवलं असेल, घरच्यांपैकी कुणी आचारी असेल, तर कृपया सांगाल का: शंभर माणसांच्या रस्साभाजीला तेल किती काढता? सुकं खोबरं आणि काजू किती? सुक्या भाजीला त्याच्या निम्मं धरलं तर चालेल का? पुऱ्यांच्या घाण्यात तेल किती कमी होतं, हे कुणी तळणीच्या आधी आणि नंतर मोजलं आहे का?

'बाहेर खाऊ नका' हा सल्ला कृपया नको. डबा नेऊन पाहिला, एप्रिलच्या उन्हात दुपारपर्यंत आंबला. पुढच्या सोमवारपासून आठ दिवस इस्लामपूरला आहे, तिथे रोज अख्खा मसूर समोर येणार. निदान त्याचा आकडा तोवर मिळाला तर फार उपकार होतील.