धायरी ते डेक्कन, बारा महिने सायकलने: कोणालाही जमेल!

चेनकव्हर

परवा सोसायटीच्या पार्किंगमध्ये एका सद्गृहस्थांनी विचारलं, "काय, अजून चालू आहे का सायकल? थंडी संपली की!" म्हणजे सायकल ही हुरड्यासारखी गोष्ट. डिसेंबरात काढायची आणि संक्रांत झाली की आवरून ठेवायची. तिथे उत्तर दिलं नाही, पाणी यायची वेळ झाली होती. म्हणून इथे देतो.

धायरी फाटा ते डेक्कन साधारण दहा किलोमीटर. वडगाव, माणिकबाग, विठ्ठलवाडी करत राजाराम पुलावरून नदी ओलांडायची, डीपी रोडने म्हात्रे पुलापाशी, पुढे एरंडवण्याच्या गल्ल्यांतून डेक्कन. सकाळी चाळीस मिनिटं, संध्याकाळी पन्नास. स्कूटर होती तेव्हा सकाळी तीस लागायची आणि संध्याकाळचं काही सांगता यायचं नाही. तीन वर्षं झाली, रविवार आणि आजारपण सोडून रोज.

माझं म्हणणं असं, की वर्षभर सायकल चालवणं हे चार महिने चालवण्यापेक्षा सोपं आहे. हौशी माणूस रोज सकाळी खिडकीतून आभाळ बघतो आणि मग ठरवतो. ठरवायला बसलं की स्कूटरच जिंकते. मी स्कूटर विकून टाकली, त्यामुळे ठरवायचं काही उरलंच नाही.

आता पाऊस, कारण सगळे आधी तेच विचारतात. पुण्यात वर्षाला सातशे-साडेसातशे मिलिमीटर पडतो, मुंबईत त्याच्या तिपटीच्या आसपास. सह्याद्रीने आपल्या वाट्याचा बराचसा घाटमाथ्यावरच उतरवून घेतलेला असतो. जुलैतला आपला पाऊस म्हणजे दिवसभराची भुरभुर, तिने माणूस ओला होतो पण अडत नाही. खरा झोडपणारा पाऊस वळवाचा आणि परतीचा, आणि तो बहुतेक वेळा दुपार तापल्यावर, चारनंतर येतो. सकाळी जाताना ठार भिजलो असे दिवस माझ्या डायरीत पहिल्या वर्षी नऊ आहेत. संध्याकाळी भिजलो ते मोजले नाहीत. घरीच तर जायचं असतं.

रेनकोटची पँट घालू नये, आतून घामाने तेवढंच भिजतं. हाफपँट, चपला, कोरडे कपडे प्लॅस्टिकच्या पिशवीत, ती पिशवी सॅकमध्ये. मडगार्ड दोन्ही हवेत आणि लांब हवेत, नाहीतर पाठीवर चिखलाचा पट्टा उठतो आणि ऑफिसात दिवसभर शेपूट असल्यासारखं वाटतं. चेन आठवड्याला पुसून तेल. पहिल्या पावसाला रस्त्यावरचं ऑइल वर येतं, त्या दिवशी वळणावर ब्रेक लावायचा नाही. पेव्हर ब्लॉक आणि पांढरे पट्टे, दोन्ही साबण समजायचे. ड्रेनेजच्या जाळीच्या पट्ट्या चाकाच्या दिशेने असतील तर लांबूनच नमस्कार. २०२४ च्या २५ जुलैला खडकवासल्याचं पाणी सोडलं आणि सिंहगड रोडजवळच्या नदीकाठच्या एकतानगरीत शिरलं, त्या दिवशी मात्र घरी बसलो. त्या दिवशी चारचाकीवालेही घरीच होते.

उन्हाळ्याचा एवढा बाऊ का करतात कळत नाही. आठला निघालं तर मे महिन्यातही हवा बरी असते, संध्याकाळी सातनंतर वारा सुटतो. घामाला उपाय आहे: पोचल्यावर दहा मिनिटं पंख्याखाली बसायचं, मग ओल्या पंचाने अंग पुसून शर्ट बदलायचा. थंडीबद्दल काय लिहायचं, थंडीत सगळेच शूर.

एक गोष्ट खरी जाचते, ती वारा. सकाळी नदीबरोबर जायचं म्हणजे हलका उतार, संध्याकाळी चढ. त्यात पावसाळ्यात वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे घरी येताना थेट तोंडावर. विठ्ठलवाडीपासून पुढे कधीकधी वाटतं की आपण जागच्या जागी पाय मारतोय.

महिन्याला पाचशे किलोमीटर, स्कूटरचं ॲव्हरेज पंचेचाळीस, म्हणजे अकरा लिटर. अकराशे-साडेअकराशे रुपये वाचतात. पन्नाशीला आलेल्या, चष्मा असलेल्या, जिने चढताना धापा टाकणाऱ्या माणसाला जमलं, म्हणजे कोणालाही जमेल.

हाफपँट

अकराशे वाचतात त्यातले सातशे केळी आणि अंड्यांत जातात. स्वानुभव.

सरळमार्गी

लेख खुसखुशीत आहे, पण यात एक मोठी पळवाट आहे. हवामानावर तुम्ही चार परिच्छेद लिहिलेत आणि मागून येणाऱ्या टेम्पोवर एक ओळ नाही.

माझा मेव्हणा नोव्हेंबर ते फेब्रुवारी सायकल चालवायचा. दोन वर्षांपूर्वी हायवेच्या सर्व्हिस रोडला मागून धक्का बसला, खांद्यात प्लेट आहे. त्याचं नशीब की उजेड होता आणि लोक थांबले. तुमची "बारा महिने" कल्पना म्हणजे हाच धोका आणखी आठ महिने, तोही पावसात, खड्डे पाण्याने भरलेले असताना. हौशी माणूस आभाळ बघून ठरवतो ते मूर्खपणाने नाही हो, शहाणपणाने ठरवतो.

२००६ च्या डिसेंबरात कात्रज-स्वारगेट-हडपसर बीआरटी (बसची वेगळी मार्गिका) सुरू झाली तेव्हा कडेला सायकल ट्रॅक केले. त्यावर आज विजेच्या डीपी-पेट्या आहेत, पार्किंग आहे, पाणीपुरीची गाडी आहे, उलट दिशेने येणाऱ्या मोटरसायकली आहेत. फक्त सायकल नाही. २०१७ च्या डिसेंबरात महापालिकेच्या मुख्य सभेने शहराचा सायकल आराखडा मंजूर केला. त्याच सुमारास मोबाईलने कुलूप उघडणाऱ्या पिवळ्या सायकली आल्या आणि बघता बघता गेल्या. काही नाल्यात सापडल्या. अगदी अलीकडे, जानेवारी २०२६ मध्ये, पुणे ग्रँड टूर या आंतरराष्ट्रीय सायकल शर्यतीसाठी रस्ते असे गुळगुळीत केले की गोळी सोडली तर घरंगळत जाईल. पाहुण्यांच्या सायकलींसाठी. रोजच्या माणसाने वर्षभर मरणाच्या कडेने जायचं आणि वर "जमेल" म्हणायचं?

चारचाकी

सरळमार्गींना अनुमोदन, पण दुसरी बाजूही ऐका. संध्याकाळी सातला काळं जर्किन, मागे दिवा नाही, सिग्नल लाल असला तरी "आपल्याला काय" म्हणून पुढे. मी ब्रेक मारतो, शिव्याही मीच खातो. दोनशे रुपयांचा लाल दिवा लावायला काय होतं?

चेनकव्हर

@चारचाकी, दिव्याबाबत शंभर टक्के मान्य. मी मागे दोन लावतो, एक सीटखाली आणि एक हेल्मेटला. सिग्नलही पाळतो, मागचे हॉर्न वाजवतात तरी.

@सरळमार्गी, मेव्हण्यांचं वाचून वाईट वाटलं. म्हणूनच मी उड्डाणपुलावर चढत नाही आणि सिंहगड रोडचा गर्दीचा पट्टा सकाळी साडेआठच्या आत पार करतो. पण एक सांगा, स्कूटरवर तोच टेम्पो मागून येत नाही का?

सरळमार्गी

येतो. पण मी त्याच्याच वेगाने जात असतो. तो मला ओलांडत नाही, तुम्हाला दर मिनिटाला ओलांडतो. फरक तिथे आहे.

जुना बिल्ला

आता कोणीतरी "पुणे हे पूर्वी सायकलींचे शहर होते" असं लिहिणार, त्याआधीच मी लिहून टाकतो आणि त्यातली हवाही काढतो.

माझ्या लहानपणी सायकलला नगरपालिकेचा कर होता, बिल्ला लावावा लागे. रात्री दिवा नसला किंवा डबलसीट असलं की पोलीस धरायचा आणि शहाणी मुलं चौकाआधी उतरून चालू लागायची. खडकीचा दारूगोळा कारखाना सुटला की रस्ताभर सायकलीच. दृश्य सुंदर होतं, खरं आहे. पण त्यातला एकही माणूस हौसेने सायकलवर नव्हता. दुसरं परवडत नव्हतं. १९७२ मध्ये लूना आली आणि पुढे जसजसे हप्ते परवडू लागले तसतशा सायकली माळ्यावर गेल्या. आमच्या वडिलांनी तर दिली ती परत बघितलीसुद्धा नाही.

दुसरं म्हणजे तेव्हा गाव केवढं होतं! पेठेतून निघालेला माणूस चार मैलांत बहुतेक कुठेही पोचायचा. धायरीला आम्ही हुरडा खायला जात असू. आता तिथे राहायचं, डेक्कनला नोकरी करायची आणि मधलं अंतर मांड्यांनी कापायचं, हा पराक्रम ठीक आहे, पण त्याला जुन्या पुण्याची परंपरा म्हणू नये. (चेनकव्हर यांनी म्हटलेलं नाही, हे मान्य. खबरदारी म्हणून लिहिलं.)

रात्रपाळी

मी एरवी फक्त वाचतो, आज लिहितो.

माझे वडील आंबेगावहून कोथरूडला एका बंगल्यावर वॉचमन होते. बावीस वर्षं सायकल, काळी, दांड्याची, मागे कॅरिअरला डबा. बारा महिने. रात्रपाळी असली तर रात्री. पावसात डोक्यावर इरलं म्हणून युरियाची गोणी. त्यांना कोणी "प्रेरणादायी" म्हटलं नाही. गेटवर सायकल आत घ्यायची नाही, मागच्या भिंतीला लावायची, असा नियम होता. त्या भिंतीवरून दोनदा चोरीला गेली.

आजही पहाटे सिंहगड रोडला उभे राहा. पेपरवाले, दूधवाले, गवंडी, हाउसकीपिंगच्या मावश्यांचे नवरे. हे सगळे वर्षभर जातात. ते धागा काढत नाहीत. वडिलांनी मला पहिल्या पगारात एकच गोष्ट सांगितली, गाडी घे. मी घेतली. सायकल चांगली की वाईट ही चर्चा ज्याच्याकडे स्कूटर विकण्याचा पर्याय आहे त्याची आहे.

हाफपँट

रात्रपाळी, केळ्यांचा प्रतिसाद मागे घेता आला असता तर घेतला असता.

चेनकव्हर

@रात्रपाळी, वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही. एक गोष्ट मात्र जुळते, ती गेटची. मी ज्या इमारतीत काम करतो तिथेही सुरुवातीला सायकल पुढच्या पार्किंगला लावू देत नव्हते. माझं ओळखपत्र बघितल्यावर लावू दिली. आमच्या हाउसकीपिंगच्या मुलाची अजून मागेच असते. हे मी तीन वर्षं रोज बघतोय आणि लेखात लिहायला सुचलं नाही.

मोगरा

शीर्षकातल्या "कोणालाही" या शब्दावर मी अडले आहे.

पाचवी ते बारावी मी सायकलनेच शाळा-कॉलेजला गेले. आमच्या वर्गातल्या सगळ्याच मुली जायच्या, पाच-पाच जणी शेजारी शेजारी, रस्ता अडवून, गप्पा मारत. पाय आहेत, सवय आहे, पावसाची भीती नाही. मी लॅबमध्ये काम करते, म्हात्रे पुलाजवळ. घर वडगावला. अंतर तुमच्यापेक्षा कमी. सुटायची वेळ सव्वानऊ.

दोन वर्षांपूर्वी महिनाभर सायकलने गेले. सकाळी काही नाही, छान. रात्री डीपी रोड. लग्नाच्या दिवसांत कार्यालयांपुढे लखलखाट, वरात, गाड्या तिरक्या लावलेल्या, वाट काढता येत नाही. पण तो रोड मला तेव्हाच बरा वाटायचा. मुहूर्त नसलेल्या रात्री कार्यालयं बंद, भिंती लांबच लांब, झाडांनी दिवे झाकलेले. स्कूटरवर मी तो पट्टा दोन-तीन मिनिटांत संपवते. सायकलवर तो संपत नाही. तुम्ही वाऱ्याबद्दल लिहिलंय ना, जागच्या जागी पाय मारतोय असं वाटतं? तसंच, फक्त वारा नसताना.

टेम्पोची भीती मला दुय्यम आहे. टेम्पो निघून जातो.

चेनकव्हर

@मोगरा, मी साडेसहाला निघतो, त्यामुळे त्या वेळेचा मला अनुभव नाही. मागे चालू दिवा, शिट्टी, ओळखीचं कोणी बरोबर, असं काही करून जमणार नाही का? निदान हिवाळ्यात?

मोगरा

दादा, तुम्हीच लिहिलंय की ऋतूपुरतं चालवणं अवघड असतं. आणि रोज सव्वानऊला वडगावला जाणारं ओळखीचं कोणी असतं तर मी त्याच्या गाडीवरच बसून गेले असते.

एक करा. एकदा सव्वानऊला म्हात्रे पुलापासून निघा आणि इथे येऊन लिहा.

सरळमार्गी

हे उत्तम. वाट बघतो.

चेनकव्हर

काल गेलो. मुद्दाम बुधवार धरला, मुहूर्त नव्हता. कार्यालयं बंद. म्हात्रे पूल ते राजाराम पूल, दिव्याचे खांब मोजत गेलो. चार बंद होते आणि बरेचसे झाडांत. रस्ता मोकळा, उलट दिवसापेक्षा सुखाचा. मला भीती अशी वाटली नाही, खरं तेच लिहितो. अर्ध्या वाटेत मोटरसायकलवरची दोन पोरं शेजारी आली, वेग कमी केला, "काय काका, लायसन्स गेलं वाटतं?" म्हणाली आणि हसत पुढे गेली. मीही हसलो. एवढंच.

मोगरा

तुम्हाला काका म्हणून पुढे गेली. मला काय म्हणून शेजारीच राहतात, ते इथे लिहिता येणार नाही.

चेनकव्हर

संपादकांना विनंती: शीर्षक बदलता येत असेल तर "कोणालाही जमेल" एवढं काढा. "बारा महिने" राहू द्या, तेवढं माझं खरं आहे.

@चारचाकी, तुमच्या दोनशे रुपयांच्या दिव्यावरून: आमच्या हाउसकीपिंगच्या मुलाच्या सायकलला मागे दिवा नाही हे आज पाहिलं. चार्जिंगचा घेऊ की सेलचा? पावसात कोणता टिकतो?

हाफपँट

सेलचा. चार्जिंगच्या दिव्याचं रबरी झाकण पहिल्याच पावसात सैल होतं.