मदत हवी आहे: वेबसाइट सर्चमध्ये दिसत नाही, डिरेक्टऱ्यांत नोंदवून उपयोग होईल का?

नमस्कार मंडळी,

रूपविकारी (तेज कमीजास्त होणाऱ्या) ताऱ्यांच्या निरीक्षणांची एक छोटी वेबसाइट मी बरीच वर्षं चालवते. एका ताऱ्याला एक पान, अशी साधारण १४० पानं आहेत. तीन महिन्यांपूर्वी ती जुन्या होस्टिंगवरून वर्डप्रेसवर हलवली. नवीन मांडणी एका ओळखीच्यांनी करून दिली. तेव्हापासून गूगलवर साइट जवळजवळ नाहीशीच झाली आहे. 'साइट:' लिहून पुढे माझं डोमेन टाकलं की फक्त मुखपृष्ठाचा पत्ता येतो आणि खाली 'या पानाची माहिती उपलब्ध नाही' एवढंच. बिंगवर तेवढंही नाही.

गूगलच्या सर्च कन्सोलमध्ये (साइटमालकांसाठीच्या साधनात) मालकी सिद्ध केली, साइटमॅप म्हणजे पानांच्या पत्त्यांची फाइल दिली. प्रत्येक पानाच्या कीवर्ड टॅगमध्ये (कोडमधल्या, वाचकाला न दिसणाऱ्या शब्दयादीत) ताऱ्याचं नाव, तारामंडळ, प्रकार असं सगळं भरलं. त्यात दोन रविवार गेले.

आता एक ईमेल आलं आहे. पैसे भरले तर 'हजार सर्च इंजिन आणि डिरेक्टऱ्यांमध्ये' साइट नोंदवून देतो म्हणतात. पूर्वी माझी साइट डीमॉझमध्ये, म्हणजे स्वयंसेवकांनी विषयवार लावलेल्या वेबसाइटींच्या यादीत (डिरेक्टरीत), होती. अर्ज केल्यावर बरेच आठवडे वाट पाहिली, मग तिथल्या एका स्वयंसेवक संपादकाने साइट खरोखर वाचून एका ओळीत तिचं नेमकं वर्णन लिहिलं होतं. ती ओळ मी अजून जपून ठेवली आहे. डीमॉझ २०१७ च्या मार्चमध्ये बंद झालं. तसं काही आता उरलं आहे का? हे पैसे भरावेत का? आणि माझ्याकडून काही राहून गेलं आहे का? जाणकारांनी कृपया सांगावं.

प्रतिसाद

पैसे अजिबात भरू नका. लोक वापरतात अशी सर्च इंजिनं हजार नाहीतच, आणि त्या यादीतल्या बहुतेक डिरेक्टऱ्या कोणी उघडतही नाही. विकत घेतलेल्या लिंका गूगलच्या नियमांविरुद्ध आहेत, म्हणजे फायदा दूरच, नुकसानच व्हायचं.

कीवर्ड टॅगवर घालवलेल्या रविवारांचं वाईट वाटलं. क्रमवारी ठरवताना तो टॅग पाहत नाही, हे गूगलने २००९ मध्येच जाहीर केलं होतं.

खरी खूण तुम्ही स्वतःच दिली आहे. पत्ता दिसतो पण मजकूर नाही, याचा अर्थ बहुधा असा की कुठल्यातरी लिंकवरून गूगलला तुमचा पत्ता कळला आहे, पण आत यायला मनाई आहे. डोमेनपुढे तिरकी रेघ देऊन 'रोबोट्स डॉट टीएक्सटी' ही सर्च इंजिनांसाठीच्या सूचनांची फाइल उघडा आणि काय दिसतं ते इथे लिहा.

धागाकर्तीचा प्रतिसाद

दोनच ओळी आहेत. 'यूजर-एजंट' पुढे तारका आणि 'डिसअलाउ' पुढे नुसती तिरकी रेघ. शिवाय वर्डप्रेसच्या वाचन सेटिंगमध्ये 'सर्च इंजिनांना परावृत्त करा' यावर टिकही होती. ती मी महिन्याभरापूर्वी काढली, तरी फरक नाही.

प्रतिसाद

सापडलं! त्या दोन ओळींचा अर्थ 'कोणत्याही क्रॉलरने (सर्च इंजिनसाठी पानं वाचत फिरणाऱ्या प्रोग्रामने) एकही पान उघडू नये'. मांडणीचं काम चालू असताना अर्धवट पानं बाहेर दिसू नयेत म्हणून अशी फाइल ठेवतात आणि नंतर काढायची राहते.

रोबोट्स फाइलची ही पद्धत मार्टिन कोस्टर यांनी १९९४ मध्ये सुचवली. ती क्रॉलरला 'येऊ नको' म्हणते, 'यादीत घेऊ नको' असं म्हणत नाही. यादीतून वगळायला 'नोइंडेक्स' हा वेगळा टॅग असतो, आणि तो वाचायला क्रॉलरला पान उघडावं लागतं. सेटिंगमधल्या तुमच्या त्या टिकमुळे पानांवर हाच टॅग लागत होता. पण दार बंद असल्याने तो होता हेही गूगलला कळलं नाही आणि तुम्ही काढलात हेही नाही.

फाइल सर्व्हरवरून काढा, मग सर्च कन्सोलमध्ये पत्ता तपासून तो इंडेक्स करण्याची, म्हणजे सर्चच्या यादीत घेण्याची, विनंती करा. साइटमॅप बरोबर आहे, एका फाइलमध्ये ५०,००० पत्त्यांपर्यंत चालतात. पण साइटमॅप म्हणजे नुसती सूचना, हमी नव्हे.

एक विचारायचं राहिलं: ताऱ्यांच्या पानांपर्यंत वाचक पोचतो कसा?

धागाकर्तीचा प्रतिसाद

शोधचौकटीत ताऱ्याचं नाव लिहून. जुन्या साइटवर सगळ्या ताऱ्यांची यादी होती, नव्या मांडणीत ती गेली.

प्रतिसाद

मग ती परत आणा. क्रॉलर लिंकेवरून लिंकेवर जातो, चौकटीत नावं टाइप करत बसत नाही. तारामंडळांनुसार यादीचं साधं पान करा. जुने पत्ते अजून हातात असतील तर ते ३०१ ने ('पत्ता कायमचा बदलला' सांगणाऱ्या सर्व्हरच्या संकेताने) नव्या पानांकडे वळवा, म्हणजे इतरांनी वर्षानुवर्षं दिलेल्या लिंका वाया जाणार नाहीत.

डिरेक्टऱ्यांबद्दल माझं मत वरच्यांपेक्षा थोडं वेगळं आहे. याहूची सुरुवातही १९९४ मध्ये जेरी यांग आणि डेव्हिड फिलो यांनी हाताने जमवलेल्या यादीतूनच झाली. डीमॉझच्या जुन्या संपादकांनी 'कर्ली' नावाने काम पुढे चालू ठेवलं आहे. तिथे जरूर सुचवा, फुकट आहे. त्याहून मोलाचं म्हणजे हौशी निरीक्षकांच्या साइटवर उपयुक्त दुव्यांची पानं असतात, त्यांना स्वतः पत्र लिहा. तिथून येणारा एक वाचक त्या हजार नोंदींपेक्षा जास्त कामाचा आहे.

धागाकर्तीचा प्रतिसाद

फाइल काढून तीन आठवडे झाले. मीरा आणि अल्गोल या ताऱ्यांची पानं काल सर्चमध्ये दिसली, खाली मजकुरासकट! मनापासून आभार. अजून ३१ पानांपुढे 'क्रॉल केले, सध्या इंडेक्स केलेले नाही' असं येतं. उघडून पाहिली तर त्यांवर फक्त तेजवक्राचं (काळानुसार बदलणाऱ्या तेजाच्या आलेखाचं) चित्र आणि ताऱ्याचं नाव आहे, निरीक्षण कधी आणि कशाने केलं ते काहीच नाही. ते सगळं माझ्या वहीत आहे. आजपासून रोज एक पान लिहायला घेते. जुने पत्ते वळवायचे मात्र बाकी आहेत, होस्टिंग बदलल्यावर ते कसं करायचं हे कोणी सांगू शकेल का?