इम्प्लांट म्हणजे प्रत्यारोपण? मेंदूतल्या इलेक्ट्रोडला काय म्हणायचं?

अनघा_प: पार्किन्सनच्या पेशंटच्या घरच्यांसाठी माहितीपत्रक मराठीत करतेय. मेंदूत इलेक्ट्रोड बसवतात त्याबद्दल आहे, नवीन यंत्रं नुसता करंट देत नाहीत तर आतले सिग्नल नोंदवूनही ठेवतात, म्हणजे गोळीचा असर उतरला की बीटा लहरी (मेंदूतल्या विजेच्या लहरी, सेकंदाला साधारण 13 ते 30) कशा वाढतात ते डॉक्टरांना दिसतं. मी ‘मेंदूत बसवायचं यंत्र’ लिहिलेलं, तपासणाऱ्यांनी ‘प्रत्यारोपणक्षम उपकरण’ केलं. प्रत्यारोपण म्हटलं की किडनी, हृदय आठवतं. पेशंटची बायको हबकेल ना! दुसरा शब्द सुचवा.

शब्दवेडा: प्रत्यारोपण म्हणजे एकाचं काढून दुसऱ्याला. इथे नुसतं ‘रोपण’ हवं. दंतरोपण रुळलंय की.

धानपट्टा: आमच्या भंडाऱ्याकडे भातलावणीला रोवणी म्हणतात, रोपणचंच रूप ते, प चा व. पण रोवणीत पऱ्हे (भाताची रोपं) एका जागचे उपटून दुसऱ्या बांधीत (भातखाचरात) लावतात, म्हणजे ते ट्रान्सप्लांटच झालं! लहानपणी आईबरोबर चिखलात उभं राहून केलंय. तुमचा फरक कोशातला, शेतातला नाही.

शब्दवेडा: शेतातला अर्थ वैद्यकात जसाच्या तसा कसा चालेल दादा? परिभाषा नेमकीच पाहिजे.

सुहास काका: माझ्या मोठ्या भावाला हेच बसवलंय, बॅटरी कॉलरबोनखाली, वायर मानेतून वर. घरात सगळे ‘मेंदूचा पेसमेकर बसवला’ म्हणतात. अनघाताई, तुमचं ‘बसवणे’च ठेवा.

मीरा: मला या उपचाराचं नावच, ‘खोल मेंदू उत्तेजन’ (डीप ब्रेन स्टिम्युलेशन), जास्त खटकतं. उत्तेजन म्हटलं की उत्तेजनार्थ बक्षीस डोळ्यासमोर येतं! आणि अर्थानेही गडबडच, 1987 मध्ये फ्रान्समधल्या ग्रनोबलला बेनाबीद या मेंदूच्या सर्जनच्या लक्षात आलं की मेंदूत सेकंदाला शंभराच्या वर विजेचे झटके दिले की थरथर थांबते, त्याआधी थरथर थांबवायला मेंदूतला तिथला भाग जाळून टाकायचे. जाळून जे व्हायचं तेच करंटने होत असेल तर ते उत्तेजन कसलं?

शब्दवेडा: ‘उद्दीपन’ म्हणा मग. आणि पत्रकात पार्किन्सन कशाला, कंपवात हा इतका सुंदर शब्द असताना? आपले शब्द आपणच टाकले तर वापरणार कोण?

अनघा_प: सुंदर आहे खरा, पण काही पेशंटना थरथर नसतेच, अंग आखडतं आणि हालचाल मंदावते. त्या बीटा लहरींचं नातंही या आखडण्याशी आहे, थरथरीशी तितकं नाही. मग ज्याला कंपच नाही त्याला कंपवात झालाय असं कसं लिहू?

शब्दवेडा: वात तर आहे ना! आखडणं हे वाताचंच लक्षण.