कारंज्यात बेडूक कशाला?

निपाणीचा साचेवाला:
नमस्कार मंडळी, आमचं सिमेंट-फायबरच्या कुंड्या, सिंह, कारंजी असलं काम हाय. चिक्कोडीकडच्या एका पार्टीनं मंगल कार्यालयासाठी फ्रान्समधल्या व्हर्सायच्या राजवाड्यातल्या कारंज्याचा फोटो दिलाय. वर एक बाई, जवळ दोन लेकरं, खाली सगळीकडं बेडूक आणि काही माणसं अर्धी माणूस अर्धी बेडूक. पार्टी म्हणते रॉयल दिसतंय, बास. पण मला चेहरे काढायचे हाईत की, अर्थ कळल्याशिवाय हात चालंना. राजाच्या बागेत बेडूक कशाला?

खानापूरची मास्तरीण:
दादा, ती लॅटोना, रोमन पुराणातली देवी. लेकरं म्हणजे अपोलो आणि डायाना. तहानलेली ती तळ्यावर पाणी प्यायला गेली तर तिथल्या शेतकऱ्यांनी मुद्दाम चिखल ढवळला, मग देवानं त्यांचे बेडूक केले. मार्सी बंधू या मूर्तिकारांनी हे काम १६६८ ते १६७० मध्ये केलं. आता बघा, ही बाग करवून घेणारा फ्रान्सचा राजा चौदावा लुई स्वतःला सूर्य म्हणवून घ्यायचा आणि अपोलो सूर्याचा देव, म्हणजे ती बाई राजाच्या आईच्या जागी. लुई लहान असताना सरदारांनी बंड केलं होतं, १६४९ मध्ये आईबरोबर त्याला पॅरिस सोडून पळावं लागलं. म्हणून बरेच जण हे बेडूक म्हणजे ते बंडखोर असं मानतात, काही अभ्यासकांना ते पटत नाही. मला पटतं, कारण त्याच सरळ रेषेत पुढं अपोलोचा रथ पाण्यातून वर येतोय, तो ट्यूबी नावाच्या मूर्तिकारानं केलेला, शिशाचा, वर सोन्याचा मुलामा.

टिळकवाडीकर:
मास्तरीणबाईंचं बरोबर आहे पण मूर्तीपेक्षा पाणी बघा. व्हर्सायला पाणीच पुरत नव्हतं, म्हणून सीन नदीवर मार्लीला १४ मोठी चाकं बसवली, १६८४ मध्ये सुरू झाली, पाणी दीडशे मीटरच्या वर चढवायची, तरी सगळी कारंजी एकदम चालायची नाहीत. मग राजा जिकडं फिरायला निघेल तिकडचा माणूस शिट्टी मारायचा, पुढच्यानं व्हॉल्व्ह उघडायचा, राजा पुढं गेला की मागचं बंद. आपल्याकडं उसाला पाणी पाजताना दारं मोडतात तसंच, फक्त इथं पाणी पिकाला नाही तर एका माणसाच्या नजरेला. बाग कुठून कशी बघायची, कुठं थांबायचं हेही लुईनं स्वतः लिहून ठेवलंय. माझ्या मते खरी सत्ता ती, दगडात नाही.

गोकाकची सून:
मला त्या शेतकऱ्यांची दया येत नाही. आमच्याकडं उन्हाळ्यात दारात आलेल्याला आधी तांब्या पुढं करतात, लेकरं कडेवर असलेल्या बाईला पाणी नाकारायचं म्हणजे काय! पण ती गोष्ट राजानं आपल्या विरोधकांवर वापरली असेल तर ते मला खटकतं, तहान आईची आणि धाक राजाचा. भाऊ, लग्नाच्या दारात शिक्षा झालेली माणसं नकोत असं पार्टीला एकदा सांगून बघा.

निपाणीचा साचेवाला:
वैनी, मास्तरीणबाई, लई उपकार झाले. सांगितलं पार्टीला, अर्धी माणूस अर्धी बेडूक असलेली वगळूया म्हणाली, नुसते बेडूक राहूदेत. बाईचा चेहरा आता मी तहानलेला काढणार, ओठ थोडे उघडे. टिळकवाडीकर, एका पंपावर बारा बेडूक सारखे उडवायचे तर पाइप गोल फिरवून दोन्ही टोकं जोडू का?

टिळकवाडीकर:
हो, गोल जोडा म्हणजे शेवटच्या बेडकालाही तेवढाच जोर मिळेल, आणि प्रत्येकाला वेगळा कॉक द्या.