'इमोबिलाइज्ड एन्झाइम'ला मराठीत काय म्हणावं?

दापोली : बारावीच्या मुलांसाठी टिपण करतेय. एन्झाइमला 'विकर' आहे (टाइप करताना त्याचा 'विकार' होतो, ते सोडा). ते ज्या पातळ पडद्यावर बसवतात त्या मेंब्रेनला 'पटल'. गाडी अडलीय 'इमोबिलाइज्ड'पाशी. 'स्थिर विकर' चालेल?

लोटे : 'स्थिर' नको, ताई. तापवूनही न बिघडणारं विकर, तेही स्थिरच म्हणाल. इथे मुद्दा एवढाच, की विकर मालाबरोबर वाहून जाता कामा नये; एकदा बसवलं की पुन्हापुन्हा वापरता यावं. १९१६ साली नेल्सन आणि ग्रिफिन यांना इन्व्हर्टेज कोळशाला चिकटूनही साखर फोडताना दिसलं. कारखान्यात हे आणलं जपानच्या तानाबे कंपनीने, १९६९ मध्ये, अमिनो आम्लांसाठी. पण ते पटलावर नव्हे, स्तंभात भरलेल्या कणांवर. पटलाचं नामी उदाहरण म्हणजे डिल्टियाझेम, रक्तदाबाचं औषध. पोकळ धाग्यांच्या भिंतीत, म्हणजे पटलातच, लायपेज हे विकर बसवतात. एका अंगाने टोल्यूइनमधला (पाण्यात न मिसळणाऱ्या द्रावकातला) कच्चा माल, दुसऱ्या अंगाने पाणी. त्या मालात उजव्या-डाव्या हातांसारखी, एकमेकांची आरशातली प्रतिमा असलेली दोन रूपं मिसळलेली असतात. नको ते रूप लायपेज फोडतं आणि ते पाण्यात उतरतं, हवं ते टोल्यूइनमध्येच राहतं. मी 'बद्ध विकर' म्हणेन.

मालवण : 'बद्ध' म्हटलं की हातपाय बांधल्यासारखं वाटतं. कालव बघा. एक शिंपलं कातळाला घट्ट लिंपलेलं, दुसरं भरतीला उघडतं. उघडणारी बाजूच कातळाला चिकटली तर कालव मेलंच. विकराचंही तेच, क्रिया होते ती जागा मोकळी राहायला हवी. माझ्या मते 'नांगरलेलं विकर'. होडी जागा सोडत नाही, पण पाण्याबरोबर डुलते.

गुहागर (माहेर सातारा) : आमच्याकडे नांगरतात ते शेत! माझा भाऊ वाचेल तर विचारेल, पेरणी कधी?

मालवण : भावाला एकदा बंदरावर धाडा.

लोटे : होडी मला पटली. पण परीक्षेच्या उत्तरात 'नांगरलेलं' लिहिलं तर तपासनीस घाटावरचा निघायचा.

दापोली : मग व्याख्येत 'बद्ध विकर', पटलावरचं असेल तिथे 'पटलबद्ध', आणि शेजारी नांगरलेल्या होडीचं चित्र. दोर काढू की साखळी?

मालवण : दोर. ग्लुटारअल्डिहाइडचा (विकर आधाराला जोडणारं रसायन), पाच कार्बनांचा. फार आखूड काढू नका, होडी कातळावर आपटेल.