कच्चं खरं की पक्कं? देलाक्रवाच्या सुलतानाची स्वारी

गेरूकाव: काल कुणीतरी ठोकून दिलंय की फ्रेंच चित्रकार देलाक्रवाची मोरोक्कोतली रेखाटनं म्हणजे ‘नुसती टिपणवही’, खरी कला काय ती फ्रान्सच्या तुलूजमधल्या संग्रहालयातल्या पक्क्या चित्रात. डोकंच फिरलं. २२ मार्च १८३२, मेकनेस. मोरोक्कोचा सुलतान मुलाई अब्द अल-रहमान करड्या घोड्यावरून बाहेर येतोय, डोक्यावर छत्र. या गड्याने ते डोळ्यांनी पाहिलं. वह्या बघा, रंग भरायला सवड नाही म्हणून रेषांशेजारी रंगांची नावं लिहिलीत. आणि पक्कं चित्र? १८४५ चं, तेरा वर्षांनी! ज्याच्या वकिलातीबरोबर देलाक्रवा गेला तो फ्रेंच वकील मोर्ने आधीच्या आराखड्यात आहे, इथे गायब. १८४४ ला फ्रान्सने इस्लीच्या लढाईत मोरोक्कोला हरवल्यावर सलोख्याची भेट कुठल्या तोंडाने दाखवणार?

खडूफळा: गेरूभाऊ, चित्र बघताय की पंचनामा करताय? बारीकसारीक तपशील विसरल्यावरच आफ्रिकेचं काही जमायला लागलं, हे त्याने स्वतः रोजनिशीत लिहिलंय. एवढे भडक रंग असूनही चित्र राखाडी वाटावं इतका मेळ, असं कवी बोदलेर म्हणाला, ते या पावणेचार मीटर उंच चित्राबद्दल. वहीबद्दल नाही.

नागमोडी: विसरल्यावर जमतं म्हणे! एलिमेंटरीला स्मरणचित्रात मी पोळ्याची मिरवणूक काढली. बैल सहा, पाय एकवीस. नापास.

खडूफळा: गर्दीत तीन पाय झाकले जाणारच की. परीक्षकाला कळलं नाही.

नागमोडी: सर म्हणाले, “दिसत नसले तरी मोजून काढ.” वर खोडरबर वापरला म्हणून पट्टी. पुन्हा ब्रश धरला नाही.

तिसरी घंटा: बावीस वर्षं चित्रकला शिकवतेय. साठ पोरं, एक तास, आणि तोही गणिताच्या बाईंनी पळवलेला. ऊठसूट सरांवर घसरू नका.

नागमोडी: पट्टी मी खाल्ली, बाई. तुम्ही नाही.

गेरूकाव: अहो, विषय मोरोक्को आहे!

तिसरी घंटा: विषय तोच आहे. मुलं समोर बसून काढतात तेव्हा पाय मोजतात, आठवून काढतात तेव्हा मिरवणूक काढतात. मला ती आठवून काढलेलीच चित्रं आवडतात. आणि हो, नापास करायला नको होतं.

नागमोडी: कळवतो सरांना. स्वर्गात.

गेरूकाव: बरं बाबा, पक्कं चित्र थोर. पण मोर्नेला हाकललं ते विसरभोळेपणाने नव्हे, एवढं तरी लिहून द्या.

खडूफळा: दिलं. तेवढंच.